रहस्यकथेतील सोयीचे योगायोग आणि पात्रांचा अविचार

रहस्यकथेच्या लेखकाला शेवट आधीच ठाऊक असतो आणि कथा कशीही करून तिथवर न्यायची असते. वाटेत कथानक अडले की दोन सोपे उपाय हाताशी असतात. ऐनवेळी एखादा योगायोग घडवून आणायचा, नाहीतर एरवी शहाण्या असलेल्या पात्राला तेवढ्यापुरते वेड्यासारखे वागायला लावायचे. पहिल्या उपायावर इंग्रजी रहस्यकथेने १९२०च्या दशकात उघड बंदी घातली. दुसऱ्यावर तशी बंदी घालणे मात्र तिला कधीच जमले नाही.

या प्रकाराची सुरुवातच सोयीने झाली. एडगर ॲलन पो यांची १८४१ मधील रू मॉर्गच्या खुनांची कथा ही पहिली आधुनिक रहस्यकथा मानली जाते. तिच्यातली बंद खोली बंद राहते ती खिडकीच्या आपोआप बसणाऱ्या खटक्यामुळे. शिवाय चौकटीतला खिळा आतून तुटलेला असतो आणि पोलिसांना तो धडधाकट वाटतो. गुन्हेगार म्हणून निघतो तो पळून आलेला ओरांगउटान, त्यामुळे त्याच्या वागण्यामागचा हेतू शोधण्याचा प्रश्नच उरत नाही.

विल्की कॉलिन्स यांच्या ‘द मूनस्टोन’मध्ये हा प्रश्न पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उभा राहिला. १८६८ साली साप्ताहिकातून क्रमशः आलेल्या या कादंबरीतला हिरा मूळचा सोमनाथच्या मंदिरातला आणि १७९९च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीतून इंग्लंडला गेलेला. रेचेल व्हेरिंडरच्या वाढदिवसाच्या रात्री तो नाहीसा होतो. तिचा प्रियकर फ्रँकलिन ब्लेक तो उचलताना रेचेलने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. तरीही ती पोलिसांना काही सांगत नाही, आईला सांगत नाही आणि खुद्द ब्लेकलाही जाब विचारत नाही. ब्लेकने हे अफूच्या अमलाखाली केलेले असते आणि त्याला त्यातले काहीच आठवत नसते. तिने त्याला एक वाक्य विचारले असते, तर कादंबरी तिथेच संपली असती.

हे मौन लेखकाच्या सोयीचे आहे यात शंका नाही. पण कॉलिन्स यांनी त्याची तयारी चोरीच्या आधीच करून ठेवली होती. घरचा जुना नोकर बेटरेज रेचेलविषयी सांगतो की ती लहानपणापासूनच मनातले कुणाला कळू देत नसे. आवडत्या सवंगड्याच्या चुकीची शिक्षा ती स्वतः भोगे, पण त्याचे नाव सांगत नसे. त्यामुळे पुढचे तिचे गप्प राहणे तिच्या स्वभावातूनच आलेले वाटते. ब्लेकला गुपचूप अफू देणाऱ्या डॉक्टर कँडीचे तसे नाही. मेजवानीहून परतताना तो पावसात भिजतो, तापाने फणफणतो आणि त्याची स्मृतीच जाते. खरे ज्याला ठाऊक, नेमका तोच आजारी पडावा, हा निव्वळ योगायोग आहे. एकाच पुस्तकात कमावलेली सोय आणि उसनी घेतलेली सोय अशी शेजारी-शेजारी पाहायला मिळते.

पुढच्या लेखकांनी उसनवारीवरच अधिक भर दिला. अमेरिकेत मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट यांच्या १९०८च्या ‘द सर्क्युलर स्टेअरकेस’ने एका लोकप्रिय साच्याला जन्म दिला. उन्हाळ्यासाठी भाड्याने घेतलेल्या घरात राहणारी प्रौढ, अविवाहित निवेदिका रात्री आवाज येईल तिकडे जाते, आणि जे कळले ते तपास करणाऱ्यापासून दडवते. तिची भाचरेही तोंड उघडत नाहीत. नंतर ती हळहळते की तेव्हाच कळले असते तर पुढचा अनर्थ टळला असता. कथा क्रमशः छापायची, तर प्रत्येक हप्त्याला धोका हवा आणि पुढच्या हप्त्यापर्यंत गुपितही टिकायला हवे. या अविचाराचे मूळ मासिकांच्या त्या गरजेत शोधावे लागते. ऑग्डन नॅश यांनी १९४० साली एका विडंबनकवितेत या हळहळीची थट्टा केली आणि तेव्हापासून या साच्याला ‘तेव्हाच कळले असते तर’ हेच नाव चिकटले.

त्याआधीच अशा सोयींविरुद्धच्या बंडाला सुरुवात झाली होती. रहस्यकथा म्हणजे लेखक आणि वाचक यांच्यातला प्रामाणिक डाव, अशी नवी समजूत पहिल्या महायुद्धानंतर रुजली. एस. एस. व्हॅन डाइन यांनी १९२८ मध्ये २० नियम प्रसिद्ध केले. गुन्हेगार तर्कानेच सापडला पाहिजे, अपघाताने किंवा योगायोगाने नव्हे, असे त्यातला एक नियम सांगतो. पुढच्याच वर्षी रोनाल्ड नॉक्स या कॅथलिक धर्मगुरूंनी १० आज्ञा लिहिल्या. त्यांनुसार डिटेक्टिव्हला अपघाताची मदत नको, गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको, आजवर न सापडलेले विष नको, आणि जुळे भाऊ आणायचे तर वाचकाला आधी सुगावा हवा. १९३०च्या सुमारास लंडनमध्ये डिटेक्शन क्लब स्थापन झाला. चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष होते, तर ख्रिस्ती आणि सेयर्स या लेखिका सदस्य होत्या. नव्या सदस्याला कवटीवर हात ठेवून शपथ घ्यावी लागे, आणि तिच्यात योगायोगाचा आधार नाकारण्याचे वचन असे.

या नियमांमुळे कोडी चोख झाली, माणसे मात्र झाली नाहीत. नियमांची सगळी नजर डिटेक्टिव्हवर होती. खुनी किंवा बळी माणसासारखा वागतो का, हे कोणी तपासत नव्हते. रेमंड चँडलर यांनी १९४४च्या आपल्या गाजलेल्या निबंधात नेमके इथेच बोट ठेवले. त्यांनी उदाहरण घेतले ए. ए. मिल्न यांच्या १९२२च्या ‘द रेड हाउस मिस्टरी’चे. त्यात मार्क नावाचा घरमालक चुलतभावाच्या सांगण्यावरून, पाहुण्यांची फजिती करायची म्हणून, ऑस्ट्रेलियातल्या आपल्या भावाचे सोंग घेतो. त्या वेषातच त्याचा खून होतो, आणि प्रेत भावाचे ठरून मार्क फरारी मानला जातो. चँडलर यांचा आक्षेप असा की मृताची खात्रीलायक ओळख पटवल्याशिवाय चौकशी पुढे सरकणारच नाही, आणि पोलीस त्या भावाची माहिती काढल्याशिवाय राहणार नाहीत. इथे अख्ख्या पोलीस खात्याला कथेसाठी मठ्ठ व्हावे लागले आहे. चँडलर यांचा आक्षेप रास्त होता, कारण डिटेक्टिव्हची हुशारी इतरांच्या मूर्खपणावर उभी राहिली की ती हुशारी उरत नाही.

चित्रपटात हिशेब बदलला. शंका घ्यायला वाचकाला पान उलटून मागे जाता येते, प्रेक्षकाला तेवढी उसंत नसते. दिग्दर्शक हिचकॉक यांनी या फरकाचा पुरेपूर उपयोग केला. ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ (१९५९) मध्ये नायक संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीत एका मृताच्या पाठीतला सुरा हातात धरतो आणि त्याच क्षणी त्याचा फोटो निघतो. पुढे त्याला मारण्यासाठी उजाड माळरानावर बोलावून त्याच्यावर शेतात औषध फवारणारे विमान सोडले जाते. गोळी घालणे कितीतरी सोपे होते, पण ते दृश्य तेवढे थरारक झाले नसते. पात्रे पोलिसांकडे का जात नाहीत, या प्रश्नावर हिचकॉक यांचे उत्तर ते कंटाळवाणे होईल, असे होते. तरी ‘व्हर्टिगो’तली (१९५८) एक फट त्यांनाही खटकत राहिली. बायकोचा खून करणाऱ्या नवऱ्याचा सारा बेत नायक भोवळ येऊन मनोऱ्याच्या जिन्यावर अडखळेल या गृहीतावर उभा आहे. तो वरपर्यंत पोहोचणारच नाही, हे नवऱ्याला कसे कळावे? फ्राँस्वा त्रुफो यांना दिलेल्या मुलाखतीत हिचकॉक यांनी ही त्रुटी स्वतःच बोलून दाखवली.

पात्रांच्या अविचाराच्या प्रश्नाला सर्वांत समाधानकारक उत्तर रूथ रेंडेल यांच्या ‘अ जजमेंट इन स्टोन’ने (१९७७) दिले. खून कोणी केला आणि का केला, हे रेंडेल पहिल्याच वाक्यात सांगून टाकतात. युनिस पार्चमन ही घरकाम करणारी बाई निरक्षर आहे, आणि ते कुणाला कळू नये यासाठी ती वाटेल ते करायला तयार आहे. घरच्यांनी लिहून ठेवलेली चिठ्ठी वाचता येत नाही, म्हणून ती काम टाळते, खोटे बोलते, मदतीचा हात झिडकारते. यातले प्रत्येक वागणे बाहेरून अविचारी दिसते, आतून मात्र एकाच लाजेला धरून असते. घरातल्या मुलीला तिचे गुपित कळते, आणि ती आपुलकीने वाचायला शिकवू पाहते. त्यावर युनिस तिचीच भानगड फोडण्याची धमकी देते. तिला कामावरून काढले जाते, आणि व्हॅलेंटाइन दिनाच्या रात्री कव्हरडेल कुटुंबातली चारही माणसे मारली जातात.