ब्रिज कालबाह्य झालेला नाही

दात गेला की इम्प्लांटच बसवावे, ब्रिज ही ज्यांना परवडत नाही त्यांची तडजोड, हे मत दवाखान्यांच्या पाट्यांवरून आता घरोघरी पोचले आहे. त्यामागचा युक्तिवाद पोकळ नाही, म्हणून आधी तो न्यायाने मांडला पाहिजे. ब्रिजसाठी रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात घासावे लागतात. पूर्ण कॅप बसवायची तर दाताच्या दिसणाऱ्या भागातला निम्म्याहून अधिक ऐवज जातो, आणि गेलेले एनॅमल परत येत नाही. अशा दाताची नस पुढे मरू शकते, मग रूट कॅनाल मागे लागते. इम्प्लांट शेजाऱ्यांना हात लावत नाही. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी दाखवले. १९६५ मध्ये त्यांच्या पहिल्या रुग्णाच्या जबड्यात बसवलेली इम्प्लांट्स त्याला मरेपर्यंत, चाळीस वर्षे पुरली.

एवढे मान्य. पण यावरून ‘इम्प्लांट जास्त टिकते’ असे जे ठरवले जाते, त्याला आधार नाही. प्येतुरसन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. दहा वर्षांनी नेहमीचे ब्रिज ८९.२ टक्के शाबूत, इम्प्लांटवरच्या एकेकट्या कॅप ८९.४ टक्के. हाडातला स्क्रू याहून जास्त टिकतो, हे खरे. पण माणूस चावतो ते वरच्या कॅपने.

मग उरतो शेजारच्या चांगल्या दातांचा आक्षेप. तो एका अटीवर उभा आहे: ते दात चांगले असले पाहिजेत. आपल्याकडे लवकर किडते आणि काढली जाते ती बहुधा खालची पहिली दाढ. पन्नाशीतल्या माणसाच्या तोंडात तिच्या शेजाऱ्यांकडे पाहा. मागच्या दाढेत निम्मी दाढ व्यापणारी जुनी चांदी, तिच्या कडेने बारीक तडा. पुढच्या दाताचे रूट कॅनाल झालेले. या दोघांना आज ना उद्या कॅप लागणारच आहे. तिथे ब्रिजने नवे नुकसान जवळपास काहीच होत नाही, उलट तीन कामे एकदम होतात. हिरडीच्या वर पुरेसा धड दात आणि मुळांभोवती घट्ट हाड मात्र हवे.

हिरड्यांच्या आजाराने दात गेलेल्यांची गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. नैसर्गिक दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ पडदा असतो. तो चावण्याचा धक्का झेलतो, आणि हाड झिजले की दात हलू लागून आपल्याला कळते. इम्प्लांटभोवती हा पडदा नसतो. त्यामुळे तिथे जंतुसंसर्ग झाला तर हाड मुकाट्याने खाली सरकत जाते, अनेकदा दुखतही नाही. सिगारेट न सुटलेल्या किंवा साखर आटोक्यात नसलेल्या माणसाला हा धोका अधिक. तोंडाच्या कर्करोगासाठी ज्याच्या जबड्यावर किरणोपचार झाले, त्याचे हाड भोक पाडल्यावर भरून येईलच असे नाही. तंबाखू, मिश्री, गुटखा घराघरांत असलेल्या आपल्या मुलखात अशा रुग्णांना अपवाद म्हणून कसे बाजूला काढायचे?

आणि ब्रिज म्हणजे घासणेच, हेही खरे नाही. पंधरा वर्षांच्या मुलाचा वरचा पुढचा दात खेळताना गेला, तर जबड्याची वाढ संपेपर्यंत इम्प्लांट बसवता येत नाही. शेजारचे दात खाली उतरत राहतात आणि इम्प्लांट जागीच अडकून आखूड दिसू लागते. त्याच्यासाठी शेजारच्या एकाच दाताला मागून पातळ पंख चिकटवलेला ब्रिज असतो, त्यात दात जवळजवळ घासावाच लागत नाही. दोन पंखांपेक्षा एकाच पंखाचा बरा, कारण दोनांतला एक सुटला तर कळत नाही आणि त्याखाली दात किडतो.

शेजारचे दोन्ही दात अस्पर्श, हाड भक्कम आणि वय तिशीचे असेल, तर मी इम्प्लांटच सांगेन. तिथे दात घासणे हा अन्याय आहे. रिकाम्या जागेच्या मागे दातच नसेल, तर एकाच बाजूला टेकलेला ब्रिज दहा वर्षांत ८०.३ टक्क्यांवर येतो, तिथेही इम्प्लांटचेच पारडे जड. मात्र अगदी मागची दाढ गेली असेल, तर बऱ्याच जणांना दोन्ही लागत नाहीत. पुढचे दात आणि उपदाढा शाबूत असतील तर तेवढ्यावर चावणे पुरेसे होते, असे नेदरलँड्सच्या कायसर यांनी १९८१ मध्येच मांडले होते.