न हलता बदललेला पत्ता

लातूरचे आमचे आजोबा आयुष्यात घर सोडून कुठं राहायला गेले नाहीत. पण पत्ता काय बदलला म्हणता! जन्म निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद (हल्लीचं धाराशिव) जिल्ह्यात. खिशात हाली शिक्क्याचा रुपया. १९४८ साली पोलीस ॲक्शन झाली. आजोबा भारतात आले, राज्य मात्र हैदराबादच. १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्र झाला. बसल्या ओसरीवर माणूस चार सरकारं बघून मोकळा!

जिल्ह्याची कचेरी तेवढी उस्मानाबादेहून हलेना. बांधाच्या तंट्याची तारीख आली, की आजी दशम्या बांधायची आणि आजोबा कागदांचं बोचकं घेऊन पहाटेची एस.टी. गाठायचे. जुने कागद सगळे उर्दूत. ते वाचून दाखवणारे मौलवीसाहेब दरसाल थकत चाललेले. सरकार मराठी झालं, पण कागदांना कोण सांगणार?

अखेर १९८२ साली लातूर जिल्हा झाला. कलेक्टरसाहेब गावातच! आजोबा म्हणाले, "आता तारखेला चालत जायचं."

आजीनं तरी दशम्या बांधल्याच.