पोथीचे पान आणि छापील पान

काशीच्या संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयात सरस्वती भवन नावाचा ग्रंथसंग्रह आहे. १७९१ साली स्थापन झालेल्या संस्कृत पाठशाळेचा हा वारसा असून तेथे सुमारे एक लाख हस्तलिखिते आहेत. पैठणच्या भट्ट घराण्यासारखी आपल्याकडील कुळे या नगरीत पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथ रचीत व उतरवून घेत आली. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ चा. त्या काळी पान कसे मांडीत, हे पाहण्यासारखे आहे.

पोथीचे पान आडवे, लांबट आणि सुटे असे, शिवण नसे. पाने फळ्यांमध्ये ठेवून वस्त्रात बांधीत. समासात पत्रांक आणि ग्रंथनामाची एकदोन अक्षरे लिहीत, कारण पाने विस्कटली तर तेवढाच आधार. सटीक ग्रंथात मूळ मध्यभागी ठळक आणि टीका वर व खाली बारीक अक्षरांत लिहिली की तो त्रिपाठ. टीकेने दोन्ही समासही व्यापले की पंचपाठ. लेखनिकाची कसोटी येथे लागे. टीका कोठे विस्तृत, कोठे त्रोटक. पण मूळ आणि त्याची टीका एकाच पानावर यावयाची. म्हणून मुळाच्या ओळी दर पानास कमीअधिक होत. चुकलेले अक्षर हरताळाच्या पिवळ्या लेपाखाली झाकीत. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार त्यातूनच आला. सुटलेले अक्षर काकपदाची खूण करून समासात भरीत.

या पानावर शब्द मात्र सुटे नसत. ‘नतेन’ अशी अक्षरे आली, तर ‘नम्र झालेल्याने’ असा अर्थ घ्यावयाचा, की ‘न तेन’ म्हणजे ‘त्याने नव्हे’ असा? हे पान सांगत नसे, गुरू सांगत.

मग छापखाने आले. काशीत १८६६ पासून लाझरस यांच्या मेडिकल हॉल छापखान्यातून ‘पंडित’ हे मासिक निघू लागले. मुंबईत १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर काढला. शिळाछापात हाताचेच अक्षर दगडावर उतरत असल्याने पोथीची मांडणी टिकू शकली. खिळे जुळवणाऱ्यास मुळाभोवती चोहोकडून टीका बसविणे जिकिरीचे होते. तेव्हा मूळ वर, टीका खाली आणि पाठभेद तळटीपेत, अशी व्यवस्था रूढ झाली. काशीच्या आणि साताऱ्याच्या विद्यार्थ्याला एकाच पृष्ठाचा हवाला देता येऊ लागला, हा लाभ लहान नव्हे. परंतु शब्द कोठे तोडावा याचा निर्णय गुरूच्या मुखातून संपादकाच्या हाती गेला, आणि वाचकास तो निर्णय आहे हेही सहसा जाणवत नाही. मला हा बदल टीकेच्या स्थलांतराहून मोठा वाटतो.

पारायणासाठी गुरुचरित्राच्या पोथ्या आजही आडव्या, सुट्या पानांच्या छापतात. चौरंगावर पान सपाट राहते, वाचून झालेले उलटे करून ठेवता येते. शब्द मात्र त्यांतही सुटे छापलेले असतात.