प्लेगचे दिवस आणि समाजाचे पुढारी

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत महाराष्ट्र शासनाने साथरोगाचा जो कायदा लागू केला तो १८९७ सालचा, हे पुष्कळांस त्या वेळी प्रथमच कळले. तो ज्या साथीसाठी जन्मास आला, त्या साथीत आपल्या माळी समाजात जन्मलेल्या दोन थोर व्यक्ती खर्ची पडल्या. त्यांचे स्मरण या वार्षिक अंकात करणे उचित होय.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचा रोगी प्रथम ओळखला. ऑक्टोबरच्या आरंभी म्युनिसिपालिटीने हुकूम काढला की, रोग्यास घरातून उचलून इस्पितळात न्यावे. घरे धुवावी, चुना फासावा, जंतुनाशक औषध शिंपावे, हेही त्याबरोबर आलेच. हुकूम निघाला, परंतु तो मानावयास लोकांस सांगावे कोणी? इस्पितळात माणसाची मोमियाई काढतात अशी कंडी शहरभर पिकलेली. लोकांच्या या भयास केवळ अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. पण रोगी शेवटच्या घटकेसच तेथे जात व बहुतेक परत येत नसत, हे तर सर्वांच्या डोळ्यांसमोर घडत होते. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी-कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला चढविला.

या गिरणी-कामगारांचे पुढारी होते रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ साली त्यांनी कामगारांची संस्था स्थापिली, 'दीनबंधु' पत्र चालविले, आणि १८९० साली त्यांच्या प्रयत्नांस यश येऊन कामगारांस रविवारची सुटी मिळाली. ज्यांनी इस्पितळावर दगड टाकले, ती माणसे त्यांचीच. लोखंडे यांनी या साथीत मराठा हॉस्पिटल उघडण्यात पुढाकार घेतला. परक्याच्या दारी मरावयास जावे लागते, हे ज्याचे भय, त्यास आपल्या माणसांचे दार दाखविण्यापरता दुसरा उपदेश कोणता असणार? पुढे मुंबईत निरनिराळ्या ज्ञातींनी व धर्मांच्या लोकांनी आपापली प्लेग-इस्पितळे काढली, व रोग्यास वेगळे ठेवण्यास होणारा विरोध त्यामुळे पुष्कळ निवळला. ज्ञातिसंस्थांवर हल्ली जी टीका होते ती सर्वस्वी चूक नाही. तथापि ही बाजूही नमूद असावी.

असेच उदाहरण खोजा समाजाचे. १० जानेवारी १८९७ रोजी डॉ. हाफकिन यांनी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. तिच्याविषयीही लोकांत मोठी भीती होती. तेव्हा खोजांचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी, वयाची विशीही नीट उलटली नसता, सर्वांदेखत लस टोचून घेतली आणि ही वार्ता अनुयायांत दूरवर पोहोचेल अशी तजवीज केली. पुण्यात लोकमान्य टिळकांनी शहर सोडून पळणाऱ्या पुढाऱ्यांस 'केसरी'तून धारेवर धरले, व स्वतः गावात राहून हिंदु प्लेग हॉस्पिटल चालविण्यास हातभार लावला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा रोग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली मांडले, आणि वैद्यकाने ते मान्य करण्यास आणखी काही वर्षे गेली. म्हणजे ज्या नियमांसाठी एवढा आकांत झाला, त्यांतील कित्येक अर्धवट ज्ञानावर उभे होते. जे पुढारी रोग्यांत वावरले त्यांस स्वतःस काय जपावे हेही ठाऊक नव्हते.

लोखंडे प्लेगनेच ९ फेब्रुवारी १८९७ रोजी वारले.

पुण्याजवळ हडपसरच्या बाजूस सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांनी गावाबाहेर ससाणे यांच्या माळावर दवाखाना उघडला होता. सावित्रीबाईंनी तेथे रोग्यांची शुश्रूषा आरंभिली. वय साठीच्या पुढे. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलास त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. रोग्यास हात लावावयास सख्खे नातलग धजत नव्हते असे ते दिवस. रँडसाहेबाच्या सोजिरांनी पुण्यातील घरांच्या झडत्या सुरू केल्या त्या याच्या थोड्या दिवसांनी. सावित्रीबाईंस त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. लोखंडे यांस जाऊन तेव्हा एक महिना आणि एक दिवस झाला होता.