विरळ हवेत ओझे उचलताना
एमआय-8 ते एमआय-17 : एका वाहतूक हेलिकॉप्टरची वाटचाल

एप्रिल 2024 मध्ये गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघात मतदान झाले. तेथील दुर्गम केंद्रांवर मतदान कर्मचारी व यंत्रे पोहोचवण्यासाठी हवाई दलाची एमआय-17 हेलिकॉप्टरे वापरण्यात आली. त्याआधी जुलै 2023 मध्ये वर्ध्याला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यातील आनंदनगर पुराने वेढले गेले, तेव्हाही सुटकेसाठी याच जातीचे हेलिकॉप्टर मागवावे लागले. विदर्भाच्या आकाशात दिसणाऱ्या या यंत्राची मूळ रचना साठ वर्षांहून जुनी आहे. इतकी वर्षे ती कशी टिकली? याचे उत्तर बऱ्याच अंशी हवेच्या घनतेत दडलेले आहे.

इंजिन नाकातून छतावर

रशियन अभियंता मिखाईल मिल (1909-1970) यांच्या नावाची पहिली दोन अक्षरे या हेलिकॉप्टरांना मिळाली आहेत. रशियात 'मी' असा उच्चार होतो. आपल्याकडे 'एमआय' रूढ झाले. त्यांचे एमआय-4 हे हेलिकॉप्टर भारतीय हवाई दलात 1960 च्या सुमारास आले. डिसेंबर 1971 च्या युद्धात मेघना नदीपलीकडे सैन्य उतरवण्याची कामगिरी त्यानेच केली. मात्र त्याचे वजनदार पिस्टन इंजिन नाकात बसवलेले होते आणि वैमानिक त्याच्या वर बसत.

पुढच्या रचनेत मिल यांनी हलके टर्बाइन इंजिन घेतले व ते थेट छतावर, पंख्याजवळ ठेवले. त्यामुळे खालचा सगळा भाग माणसे आणि सामान यांच्यासाठी मोकळा झाला. मागच्या बाजूला दुपाखी दार आले. या एमआय-8 चा पहिला नमुना जून 1961 मध्ये उडाला. त्याला एकच इंजिन होते. पुढच्याच वर्षी दोन इंजिनांचा नमुना तयार झाला आणि तीच रचना कायम झाली. पाच पात्यांचा, 21.3 मीटर व्यासाचा पंखा, प्रत्येकी 1,500 अश्वशक्तीची दोन इंजिने, 24 सैनिक किंवा 4 टन सामान, आणि भरलेले जास्तीत जास्त वजन 12 टन, असे तिचे स्वरूप होते.

दोन इंजिने कशासाठी?

हेलिकॉप्टर हवेला खाली ढकलते आणि त्याच्या प्रतिक्रियेवर तरंगते. न्यूटनचा तिसरा नियम लावून एक हिशेब करून पाहू. पंख्याच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे 356 चौरस मीटर आहे. 12 टनांचे हेलिकॉप्टर जागच्या जागी तरंगत ठेवायचे, तर या वर्तुळातून दर सेकंदाला सुमारे 5 टन हवा खाली जावी लागते. झोताचा खालचा वेग ताशी 80 किलोमीटरच्या पुढे जातो. यासाठी आदर्श स्थितीतही सुमारे 1,850 अश्वशक्ती लागते. पात्यांचे घर्षण आणि शेपटीचा पंखा यांचा खर्च धरला, की प्रत्यक्ष गरज बरीच वाढते.

म्हणजे एक इंजिन बंद पडले, तर उरलेल्या 1,500 अश्वशक्तीवर पूर्ण ओझ्यासह तरंगता येणार नाही. पण पुढे वेगाने जात असताना तरंगण्यापेक्षा कमी शक्ती लागते. म्हणून दुसऱ्या इंजिनावर मोकळ्या जागेपर्यंत जाण्याची संधी मिळते. खाली जंगल किंवा डोंगर असेल, तर ही संधी म्हणजे आत बसलेल्यांचे प्राण.

वर्ध्याचा मे महिना

वरचा हिशेब समुद्रसपाटीच्या, 15 अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेचा आहे. वर्ध्यात मे महिन्यातील दुपारी पारा 46 अंशांवर जातो. दाब सारखाच धरला, तर वायूची घनता केवलमापी तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. हिवाळ्यातील पहाटेचे 10 अंश म्हणजे 283 केल्विन. 46 अंश म्हणजे 319 केल्विन. 283 ला 319 ने भागल्यास 0.89 येते. म्हणजे त्याच गावातली हवा उन्हाळ्यात 11 टक्के विरळ होते.

वर्धा समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास आहे. पण मेमधील दुपारी तेथील हवेची घनता प्रमाण वातावरणातील सुमारे 1,350 मीटर उंचीवरील हवेइतकी असते. ही जवळजवळ महाबळेश्वरची उंची झाली! पंख्याच्या दृष्टीने वर्धा त्या वेळी डोंगरावर गेलेले असते. त्यात भर म्हणजे विरळ हवेत तरंगायला जास्त शक्ती लागते आणि नेमकी त्याच हवेत इंजिनाची शक्ती घटते. त्यामुळे पहाटे जेवढे ओझे उचलता येते, तेवढे दुपारी उचलता येत नाही.

आठचे सतरा

एमआय-8 भारतात 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला आले. हिमालयातील उंचीवर त्याची शक्ती अपुरी पडू लागे. यावरचा उपाय म्हणजे 1975 मध्ये प्रथम उडालेली सुधारित आवृत्ती, एमआय-17. सांगाडा जवळपास तोच ठेवून सुमारे 1,900 अश्वशक्तीची इंजिने बसवली. शेपटीचा पंखा उजवीकडून डावीकडे नेला. तेथे तो अधिक परिणामकारक ठरला. छायाचित्रात 8 आणि 17 ओळखण्याची ही सोपी खूण आहे.

भारताला एमआय-17 हेलिकॉप्टरे 1985 पासून मिळाली. आणखी शक्तिमान अशा एमआय-17 व्ही-5 चा करार 2008 मध्ये झाला. ती 2012 पासून दाखल झाली आणि एकूण 151 आली. ती सुमारे 6,000 मीटरपर्यंत जाऊ शकतात. जुन्या एमआय-8 ला डिसेंबर 2017 मध्ये निरोप देण्यात आला. या घराण्याची मोठी दुरुस्ती चंदीगडच्या डेपोत होते. तो डेपो ज्या अनुरक्षण विभागाखाली येतो, त्याचे मुख्यालय वर्ध्यापासून जवळच, नागपूरला आहे.

शक्तीच्या मर्यादा

जास्त शक्तीने सगळेच प्रश्न सुटत नाहीत. ऑक्टोबर 1987 मध्ये जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री सैनिक उतरवताना एमआय-8 हेलिकॉप्टरांवर गोळ्यांचा मारा झाला. पुढच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या आणि आधी उतरलेले सैनिक एकाकी पडले. 28 मे 1999 रोजी कारगिलमध्ये तोलोलिंगजवळ एक एमआय-17 क्षेपणास्त्राने पाडले गेले व त्यातील चौघे हवाई सैनिक मृत्युमुखी पडले. जून 2013 मध्ये केदारनाथच्या पूरग्रस्तांना सोडवताना एक व्ही-5 कोसळून 20 जण गेले. डिसेंबर 2021 मध्ये कुन्नूरजवळच्या अपघातात संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांच्यासह 14 जणांचा अंत झाला. हवामान अचानक बदलून हेलिकॉप्टर ढगात शिरले आणि वैमानिकाला दिशेचे भान राहिले नाही, असे चौकशीत आढळले. इंजिन कितीही बलवान असले, तरी ढगातून ते वैमानिकाला डोंगर दाखवू शकत नाही.

विद्यार्थ्यांना आपल्या गावाचे आजचे कमाल व किमान तापमान घेऊन घनतेचे गुणोत्तर काढायला सांगावे. उत्तर एका साध्या भागाकाराने येते. पण पुराने वेढलेल्या छपरावर दहा माणसे उभी असतील, तेव्हा एका फेरीत त्यांतली किती न्यायची, हे ठरवताना वैमानिकालाही हाच भागाकार जमेस धरावा लागतो.