पांढऱ्या रंगाची निवड : भिंत, हवा आणि खिसा

पावसाळा सरून भिंती वाळल्या, की ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील गृहनिर्माण सोसायट्यांच्या कार्यालयांत रंगकामाची कोटेशने जमू लागतात. तीन ठेकेदारांची तीन कोटेशने येतात. तिन्हींत 'प्रायमर व पांढरा, दोन हात' एवढाच उल्लेख असतो आणि दरांत मात्र मोठी तफावत. सभेतली चर्चा कंपनीच्या आणि छटेच्या नावाभोवती घुटमळते. ज्या भुकटीमुळे डब्यातला रंग पांढरा दिसतो, तिची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वास्तविक लाखो रुपये खर्चून रंगविलेली भिंत दुसऱ्या पावसाळ्यानंतरच हाताला खडूसारखी लागू लागते की पुढची अनेक वर्षे टिकते, हे बऱ्याच अंशी त्या भुकटीवर अवलंबून असते.

रंगाचे दोन मुख्य घटक. भिंतीला धरून ठेवणारा चिकट द्रव, म्हणजे बाइंडर, आणि त्यात मिसळलेली न विरघळणारी भुकटी, म्हणजे रंगद्रव्य. पांढरे रंगद्रव्य स्वतः प्रकाश शोषून घेत नाही, तो विखुरते. भुकटीचा कण आणि भोवतालचा बाइंडर यांत प्रकाश वळण्याच्या प्रमाणात जेवढा फरक, तेवढे हे विखुरणे अधिक आणि तेवढी खालची भिंत झाकण्याची शक्ती अधिक. हे प्रमाण अपवर्तनांकाने मोजतात. बाइंडरचा अपवर्तनांक सुमारे १.५, खडूच्या भुकटीचा १.६, लिथोपोनचा १.८४, झिंक ऑक्साइडचा २ आणि टायटॅनियम डायऑक्साइडच्या दोन प्रकारांपैकी अ‍ॅनाटेजचा २.५५, तर रुटाइलचा २.७. दरातल्या तफावतीचे मूळ पुष्कळसे या आकड्यांतच आहे.

मग चुना पांढरा का दिसतो, असा प्रश्न येतो. त्याचा अपवर्तनांक तर खडूएवढाच. चुन्याचा हात मारताना भिंत ओलसर, अर्धपारदर्शक दिसते आणि वाळल्यावर पांढरीशुभ्र होते, हे अनेकांनी पाहिलेले असते. पाणी उडून गेले की कणांच्या फटींत हवा शिरते. हवेचा अपवर्तनांक १. त्यामुळे कण आणि भोवताल यांतील अंतर एकदम वाढते आणि पांढरेपणा उमटतो. जुन्या ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेलेल्या डहाणू-जव्हारकडील वारली चित्रांचा पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा असतो. तोही याच न्यायाने वाळल्यावर उठून दिसतो. स्वस्त डिस्टेंपरचे गुपितही हेच. त्यात बाइंडर कमी आणि खडू जास्त असतो. वाळल्यावर फटींत हवा राहते आणि भिंत छान झाकली जाते. मात्र ज्या फटींत हवा शिरते, त्याच फटींत पाणी, धूळ आणि तेलकट हातांचे डागही शिरतात. म्हणून छतासाठी असा रंग पुरेसा ठरतो. पावसाच्या माऱ्यातील भिंतीसाठी तो पैशांचा अपव्यय होय.

टायटॅनियम डायऑक्साइडचे औद्योगिक उत्पादन पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वे आणि अमेरिकेत सुरू झाले आणि पुढच्या काही दशकांत त्याने बाकीच्या पांढऱ्यांना मागे टाकले. त्याचा कच्चा माल म्हणजे इल्मेनाइट, किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत सापडणारे खनिज. रत्नागिरीजवळच्या काळबादेवी आणि मिऱ्या भागातील किनाऱ्यांवरही ते आढळते. काळ्या वाळूतून सर्वांत पांढरी भुकटी निघावी, ही निसर्गाची एक गंमतच. देशातील या भुकटीचे जुने कारखाने मात्र केरळात आहेत. तिरुअनंतपुरमची ट्रॅव्हनकोर टायटॅनियम प्रॉडक्ट्स ही कंपनी अ‍ॅनाटेजसाठी, तर कोल्लम जिल्ह्यातील चवरा येथील केरळ मिनरल्स अँड मेटल्स ही कंपनी क्लोराइड पद्धतीने केलेल्या रुटाइलसाठी ओळखली जाते. आयात मालही बाजारात मोठ्या प्रमाणावर असतो. या भुकटीचा कण साधारण ०.२ ते ०.२५ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या चार-पाच हजाराव्या भागाएवढा ठेवला जातो. दृश्य प्रकाश विखुरण्यासाठी हाच आकार सर्वांत सोयीचा असतो.

रासायनिकदृष्ट्या अ‍ॅनाटेज आणि रुटाइल एकच. भेद स्फटिकाच्या रचनेचा. अ‍ॅनाटेज स्वस्त आणि किंचित निळसर, त्यामुळे डोळ्याला अधिक शुभ्र भासणारा. दुकानात नमुन्याच्या पट्ट्या शेजारी ठेवल्या तर ग्राहक नेमका तोच उचलण्याची शक्यता अधिक. पण उन्हातील अतिनील किरण पडले की अ‍ॅनाटेजच्या कणाच्या पृष्ठभागावर रासायनिक क्रिया घडते आणि कणाला धरून ठेवणारा बाइंडरच जळत जातो. मग कण मोकळे होतात, बोट फिरविले की पांढरी पूड निघते आणि पाऊस ती धुऊन नेतो. रुटाइलमध्ये हा दोष बराच कमी असतो. बाहेरच्या रंगासाठीच्या रुटाइलच्या कणांवर अ‍ॅल्युमिना, सिलिका किंवा झिर्कोनियाचे पातळ कवचही चढविलेले असते. म्हणूनच केवळ 'टायटॅनियमयुक्त' एवढ्या शब्दावर समाधान मानणे बरोबर नाही. कोणते टायटॅनियम, हे विचारणे आवश्यक आहे.

घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारतींच्या पश्चिमेकडच्या भिंती दुपारभर तापतात आणि पावसाळ्यात वाऱ्याचा मारा झेलतात. वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात अशा भिंतींना बाहेरच्या दर्जाच्या रुटाइलखेरीज पर्याय नाही. त्यातही भुकटी भरमसाट घातली म्हणजे भिंत अधिक झाकली जाते असे नाही. कण एकमेकांना चिकटून दाटी करू लागले की त्यांची शक्ती घटते. कण दूर ठेवण्यापुरता खडू किंवा चिनी माती घालणे हा शहाणपणा, लबाडी नव्हे. लबाडी सुरू होते ती त्यापुढे.

या पट्ट्याला आणखी एक बाजू आहे, ती हवेची. डोंबिवलीत जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये औद्योगिक विभागातील रस्ता गुलाबी झाला, हे रहिवासी विसरलेले नाहीत. रासायनिक कारखान्यांच्या शेजारच्या हवेत आम्लधर्मी वायू असतील, तर पांढऱ्या रंगाची खरी परीक्षा तेथे होते. खडू आम्लात विरघळतो. झिंक ऑक्साइड आम्लात विरघळते आणि तीव्र अल्कलीतही. टायटॅनियम डायऑक्साइड आणि बेरियम सल्फेट यांच्यावर मात्र अशा हवेचा परिणाम होत नाही. त्यामुळे औद्योगिक विभागालगतच्या इमारतीसाठी खडूचे प्रमाण जास्त असलेला बाह्य रंग निवडणे म्हणजे भिंत दरवर्षी थोडी थोडी झिजवणे होय. खाडीकाठच्या दलदलीतून आणि वालधुनीसारख्या प्रदूषित प्रवाहांतून सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. शिशाचा सफेदा या वायूने काळवंडतो. जस्ताचा सफेदा, लिथोपोन आणि टायटॅनियम त्याला दाद देत नाहीत.

झिंक ऑक्साइडला एक वेगळा गुण आहे. ते बुरशीला आळा घालते. उत्तरेकडच्या, ऊन न लागणाऱ्या भिंती पावसाळ्यात काळ्या पडतात, तो बहुधा मळ नसतो. ते शेवाळ आणि बुरशी असते. अशा ठिकाणी रुटाइलच्या जोडीला थोडे झिंक ऑक्साइड उपयोगी पडते. तेलरंगात ते प्रमाणाबाहेर गेले तर तेलातील आम्लांशी संयोग होऊन थर कडक होतो आणि तडकतो. झिंक सल्फाइड व बेरियम सल्फेट यांचे मिश्रण असलेले लिथोपोन स्वस्त आणि घरातल्या कामाला चांगले, पण उन्हात ते करडे पडू शकते.

घराच्या आत सगळे गणित बदलते. तेथे ऊन-पाऊस नाही. शयनगृहाच्या छतासाठी बाहेरच्या दर्जाच्या रुटाइलचे पैसे मोजणे व्यर्थ. दिवाणखाना, जिना आणि मुलांच्या हाताच्या उंचीवरील भिंती वारंवार पुसाव्या लागतात. तेथे बाइंडर भरपूर असलेले इमल्शन हवे आणि बाइंडर भरपूर म्हटला की फटींतली हवा नाही, म्हणजे झाकण्याचे काम पुन्हा टायटॅनियमकडेच आले. गडद छटांबाबत एक गैरसमज आढळतो. यंत्रावर मिसळलेल्या गडद लाल किंवा पिवळ्या रंगाच्या बेसमध्ये पांढरी भुकटी अगदी थोडी असते, कारण ती जास्त झाली तर छटा फिकी पडते. म्हणून महागडा रंग असूनही तिसरा हात लागतो. त्यात पेंटरची लबाडी असतेच असे नाही.

कल्याण आणि डोंबिवलीतील जुन्या चाळी, वाडे यांच्या चुन्याच्या गिलाव्याचा विचार निराळा करावा लागतो. या भिंती ओल शोषतात आणि सोडतात. त्यांच्यावर इमल्शनचा घट्ट थर दिला की आत अडकलेली ओल त्याला ढकलते आणि पोपडे निघतात. तेथे नीट भिजवलेल्या कळीच्या चुन्याचाच हात योग्य. त्यात चिमूटभर नीळ घालण्याची जुनी रीतही शास्त्राला धरून आहे. चुन्यातील पिवळसर झाक निळीने झाकली जाते. सिमेंटच्या गिलाव्यावर पांढऱ्या सिमेंटचा रंग चालतो, मात्र त्यावर पाणी मारून तराई करावी लागते आणि ठेकेदार नेमके तेच टाळतात.

खिडक्यांच्या लोखंडी ग्रीलला पांढरेपणापेक्षा गंजाचा धोका मोठा. तेथे आधी झिंक फॉस्फेटचा प्रायमर लागतो. तोही पांढराच, पण झाकण्याची शक्ती नगण्य. त्याचे काम गंज रोखण्याचे. वरचा हात रुटाइलचा. पावडर कोटिंग केलेली ग्रील घेताना पावडर पॉलिएस्टरची आहे ना, हे पाहावे. एपॉक्सीची असेल तर रुटाइल असूनही ती उन्हात खडूसारखी सुटते. तेथे दोष रंगद्रव्याचा नसतो, बाइंडरचा असतो.

कोटेशनमध्ये 'पांढरा' या शब्दाऐवजी बाहेरच्या दर्जाचा रुटाइल, इमल्शनचा प्रकार आणि एका लिटरात किती चौरस फूट, असे लिहून घेता येते. टायटॅनियम डायऑक्साइडसाठी भारतीय मानक ४११ आहे आणि त्यात दोन्ही प्रकार स्वतंत्र धरले आहेत. काळे-पांढरे चौकट असलेल्या पुठ्ठ्यावर एक हात मारून पूर्ण वाळू द्यावा आणि काळे किती दिसते ते पाहावे. नंतर त्याच वाळलेल्या थरावर पाण्याचा थेंब टाकावा. ओल्या जागी काळे पुन्हा डोकावले, तर झाकण्याचे काम हवा करीत होती, भुकटी नव्हे. जुन्या बाह्य भिंतीवर काळा रुमाल घासला तरी खडू सुटतो का ते कळते. सुटत असेल, तर तो थर खरवडून प्रायमर दिल्याखेरीज नवा रंग टिकणार नाही.

खरवडताना मात्र सावधगिरी हवी. शिशाच्या सफेद्याचा घरातील रंगकामात वापर रोखणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार १९२१ चा. भारतात घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी २०१६ च्या नियमांनी ठरविली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या तेलरंगांत, विशेषतः पिवळ्या-नारिंगी छटांत आणि रंग लवकर वाळावा म्हणून घातलेल्या द्रव्यांत शिसे असू शकते. असे जुने दरवाजे कोरड्या पॉलिश-पेपरने घासले तर त्याची धूळ घरभर पसरते आणि लहान मुलांच्या पोटात जाते. ते पाणी मारून, ओल्या पेपरने घासावेत. मुलांना व गरोदर स्त्रियांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावे आणि खरवड झाडून न काढता ओल्या फडक्याने गोळा करावी. टायटॅनियमच्या कोरड्या भुकटीबाबत युरोपीय संघाने श्वासावाटे कर्करोगाचा संशय घेऊन केलेले वर्गीकरण तेथील न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केले आणि २०२५ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. भिंतीवर पक्क्या बसलेल्या रंगाचा हा प्रश्न कधीच नव्हता. लहान कारखान्यांत गोणी फोडून भुकटी ओतणाऱ्या कामगाराला मात्र कोणत्याही बारीक धुळीपासून बचावासाठी नाकातोंडावर योग्य मुखवटा लागतो, आणि तो पुरविणे हे मालकाचे काम आहे.