तबकडीवरच्या खुणा : जॅझ रेकॉर्डची पहिली प्रत कशी ओळखली जाऊ लागली

जॅझ म्हणून बाजारात आलेली पहिली रेकॉर्ड १९१७ ची. त्या वर्षी २६ फेब्रुवारीला ‘ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँड’ या पाच गोऱ्या वादकांच्या पथकाने न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी दोन रचना वाजवल्या आणि १८२५५ क्रमांकाची तबकडी हातोहात खपली. कंपन्यांच्या लेखी हा चालू माल होता. नाचायला उपयोगी, वर्षभरात जुना होणारा. वादकांची नावे लेबलवर छापावीत किंवा दप्तरी नीट नोंदवावीत असे फारसे कोणाला वाटले नाही आणि ज्या वह्या लिहिल्या गेल्या त्यांतल्या पुष्कळ कंपन्या बुडाल्यावर नाहीशा झाल्या. पुढे या संगीताचा इतिहास लिहायला बसलेल्यांना कागद मिळेना, म्हणून त्यांनी तबकडीच वाचायला घेतली. जॅझ रेकॉर्डच्या संग्राहकांची सगळी विद्या या अडचणीतून जन्मली.

तबकडी वाचायची तर ती कशी घडते हे माहीत असावे लागते. सुरुवातीच्या काळात जाड मेणाच्या चकतीवर आवाज कोरला जाई. त्या चकतीवर धातूचा मुलामा चढवून उलटा ठसा काढत, त्यावरून ‘मदर’ आणि मदरवरून छापायचा साचा, म्हणजे ‘स्टँपर’. तापवून मऊ केलेला लाखेचा गोळा दोन स्टँपरांमध्ये दाबला की रेकॉर्ड तयार. ध्वनिमुद्रण होताच त्याला एक क्रमांक मिळे, तो मॅट्रिक्स क्रमांक. तीच रचना पुन्हा वाजवली तर त्याच क्रमांकापुढे टेकचा आकडा किंवा अक्षर लागे. ही नोंद लेबल आणि शेवटची खाच यांमधल्या कोऱ्या पट्ट्यात उमटलेली असते, कधी लेबलखाली अर्धवट दडलेलीही. दिव्याखाली तबकडी तिरपी धरून हळूहळू फिरवली की सावलीत ती अक्षरे उठून दिसतात.

टेकचा आकडा महत्त्वाचा, कारण जॅझमध्ये दुसऱ्यांदा वाजवलेली रचना पहिल्यासारखी नसते. साचा झिजला किंवा फुटला की कंपनी बिनदिक्कत दुसऱ्या टेकचा साचा लावी, लेबल आणि कॅटलॉग क्रमांक तोच ठेवून. किंग ऑलिव्हरच्या पथकाने १९२३ च्या अखेरीस पॅरामाउंट कंपनीसाठी वाजवलेल्या ‘मेबल्स ड्रीम’चे दोन टेक असेच एका क्रमांकाखाली विकले गेले. वरून दोन्ही प्रती सारख्या, आत वादन वेगळे. नावांचा घोळ तर विचारूच नये. करार एका कंपनीशी आणि वादन दुसऱ्या कंपनीसाठी, तेव्हा टोपणनाव आलेच. ड्यूक एलिंग्टनचे पथक कुठे ‘द जंगल बँड’, कुठे ‘हार्लेम फूटवॉर्मर्स’, कुठे ‘व्हूपी मेकर्स’ म्हणून छापले गेले. लुई आर्मस्ट्राँगचा ‘हॉट फाइव्ह’ ओके कंपनीच्या करारात असताना व्होकॅलियन कंपनीच्या लेबलवर ‘लिल्स हॉट शॉट्स’ या नावाने उगवला. लेबलवर विश्वास ठेवू नये, हा संग्राहकांचा पहिला धडा इथला.

प्रत्येक कंपनीच्या मालाची स्वतःची चालही होती. इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी पियानोच्या कारखान्याच्या आवारात जेनेट कंपनीचा स्टुडिओ होता. शेजारून रेल्वेचा फाटा जाई आणि गाडी आली की वादन थांबवावे लागे. एप्रिल १९२३ मध्ये ऑलिव्हरच्या पथकातला दुसरा कॉर्नेटवादक म्हणून तरुण आर्मस्ट्राँगने आपले पहिले ध्वनिमुद्रण केले ते याच खोलीत. पॅरामाउंट ही विस्कॉन्सिनमधल्या खुर्च्या बनवणाऱ्या एका कंपनीची शाखा. तिची लाख भरड आणि हलकी, त्यामुळे नवीकोरी प्रतही खरखरते. कोलंबियाने मात्र भरड गाभ्यावर बारीक लाखेचा थर चढवण्याची पद्धत आणली होती आणि तिच्या तबकड्या आजही शांत वाजतात. १९२५ मध्ये कर्ण्याऐवजी मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण सुरू झाले, तेव्हा व्हिक्टरने कोऱ्या पट्ट्यात लंबगोलात ‘व्हीई’ ही अक्षरे उमटवायला घेतली. कोलंबियाच्या मॅट्रिक्स क्रमांकाआधी ‘डब्ल्यू’ आला. एका अक्षरावरून तबकडी कर्ण्याच्या काळातली की विजेच्या, हे कळते.

या खुणांचे शास्त्र झाले १९३० च्या दशकात आणि तेही आधी युरोपात. अमेरिकेत मंदीने रेकॉर्डचा धंदा बसला होता, जुन्या तबकड्या अडगळीत आणि रद्दीत पडत होत्या. पॅरिसच्या ‘हॉट क्लब’मधला शार्ल दलोने, रोबेर आणि सोनिया या चित्रकार दांपत्याचा मुलगा, याने १९३६ मध्ये ‘हॉट डिस्कोग्राफी’ प्रसिद्ध केली. कोणत्या बैठकीत कोण वाजवत होते आणि त्यातून कोणते मॅट्रिक्स निघाले, अशी ती मांडणी होती. दूर बसलेल्या माणसाने वादकांना पत्रे लिहून आणि कान देऊन हे काम करावे, हे अमेरिकी कंपन्यांना लाजवणारेच होते. न्यूयॉर्कमध्ये मिल्ट गॅब्लर याचे ‘कमोडोर म्युझिक शॉप’ हा अशा शौकिनांचा अड्डा होता. गॅब्लरने कंपन्यांकडचे जुने साचे वापरून दुर्मिळ रेकॉर्ड पुन्हा काढल्या आणि लेबलवर वादकांची नावे छापली. पुढे ब्रायन रस्ट या इंग्रज संशोधकाने टेकपर्यंतच्या बारकाव्यांची सूची केली. १९६१ मध्ये ती प्रथम आली आणि नंतरच्या आवृत्त्यांत १९४२ पर्यंत पोहोचली. आजही जुन्या जॅझच्या तबकडीचा वाद तिच्यापाशी येऊन थांबतो.

१९४२ हे वर्ष वेगळ्याच कारणाने काळे ठरले. रेकॉर्डची लाख बहुतांशी हिंदुस्थानातून, मुख्यतः छोटा नागपूरच्या पळस आणि कुसुमच्या रानांतून जात असे. युद्धामुळे पुरवठा अडला, लाख युद्धसामग्रीलाही लागत होती. अमेरिकी सरकारने रेकॉर्ड कंपन्यांचा लाखेचा वापर सत्तर टक्क्यांनी घटवला. नव्या रेकॉर्डसाठी जुन्या तबकड्या मोडीत गोळा केल्या गेल्या. त्या ढिगांत काय काय दळले गेले याचा हिशेब नाही. पॅरामाउंट बंद पडल्यावर तिचे धातूचे साचेही भंगारात गेले होते, त्यामुळे तिच्या काही मुद्रणांच्या आज एकदोन झिजक्या प्रतीच काय त्या उरल्या आहेत.

जून १९४८ मध्ये कोलंबियाने लाँग प्ले तबकडी आणली. आता वादकांची नावे, तारखा, टिपणे सगळे कव्हरच्या पाठीवर छापून येऊ लागले. ‘कोण वाजवतो’ हा प्रश्न मिटला आणि संग्राहकांनी दुसरा हाती घेतला : हातातली प्रत पहिल्या छपाईची की नंतरची? या प्रश्नाचे पंढरपूर म्हणजे ब्लू नोट.

बर्लिनहून आलेल्या आल्फ्रेड लायनने १९३९ मध्ये न्यूयॉर्कला ही कंपनी काढली. छायाचित्रकार फ्रान्सिस वुल्फ त्याचा जोडीदार. १९५० च्या दशकापासून तिचे ध्वनिमुद्रण रूडी व्हॅन गेल्डर करू लागला. हा दिवसा चष्म्याचे नंबर काढी आणि फावल्या वेळात हॅकेनसॅक गावी आईवडिलांच्या दिवाणखान्यात जॅझ मुद्रित करी. १९५९ मध्ये त्याने एंगलवूड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला. मेणाच्या जागी आलेली मूळ लॅकर चकतीही तोच कापत असल्यामुळे कोऱ्या पट्ट्यात त्याची सही मिळते : आधी हाताने कोरलेली ‘आरव्हीजी’, मग त्याच अक्षरांचा शिक्का, पुढे ‘व्हॅन गेल्डर’ असा पूर्ण शिक्का. छपाई न्यू जर्सीतल्या प्लास्टिलाइट कारखान्यात होई. त्या कारखान्याची खूण म्हणजे वळणदार ‘पी’. ती कानाच्या आकारासारखी दिसते, म्हणून संग्राहक तिला कानच म्हणतात.

लेबलवरचा पत्ता हे दुसरे पंचांग. आधी ७६७ लेक्सिंग्टन अव्हेन्यू, १९५७ पासून ४७ वेस्ट ६३वा रस्ता, १९६२ च्या सुमारास नुसते ‘न्यूयॉर्क, यूएसए’. शिवाय लेबलमध्ये दाबलेला गोल खळगा, ‘डीप ग्रूव्ह’. तो दाबयंत्राच्या जुन्या साच्यामुळे उमटतो. साधारण १९६१ पर्यंत तो सर्रास आढळतो, मग विरळ होतो. एका बाजूला जुना साचा आणि दुसऱ्या बाजूला नवा लागला तर खळगा एकाच बाजूला दिसतो. पण छापखाने काटकसरी. उरलेली लेबले फेकून देत नाहीत. हँक मोब्लीच्या १५६८ क्रमांकाच्या रेकॉर्डची सर्वांत मागणी असलेली प्रत अशी, की एका बाजूच्या लेबलवर पत्त्यात ‘एनवायसी’ आहे आणि दुसऱ्या बाजूला ‘न्यूयॉर्क २३’. एवढ्याशा फरकावर कित्येक हजार डॉलरचा भाव ठरतो.

खरी गंमत कंपनी विकली गेल्यावरची. १९६० च्या दशकाच्या मध्यावर ब्लू नोट लिबर्टी कंपनीकडे गेली आणि प्लास्टिलाइटचे काम सुटले. लिबर्टीने शिल्लक ‘न्यूयॉर्क, यूएसए’ लेबले वापरून संपवली. म्हणून लेबल जुने, व्हॅन गेल्डरचा शिक्का हजर, पण कान नाही, अशी प्रत नंतरची समजावी. तिचा भाव पडतो. आवाज मात्र बहुधा पडत नाही, कारण साच्यामागचे लॅकर तेच असते. भाव आणि आवाज यांची गल्लत करणारे ग्राहक विक्रेत्यांना फार प्रिय असतात. या सगळ्या खुणा फ्रेडरिक कोहेन यांनी २०१० मध्ये एका मार्गदर्शक पुस्तकात एकत्र केल्या. पण या खुणा म्हणजे एका छापखान्याची सवय आहे हे विसरून तेच नियम इतर कंपन्यांना लावले की चुका होतात.

कोलंबियाचे उदाहरण याला पुरेसे आहे. ऑगस्ट १९५९ मध्ये आलेले माइल्स डेव्हिसचे ‘काइंड ऑफ ब्लू’ डोळ्यांसारख्या सहा खुणांच्या लेबलवर निघाले. हे लेबल १९६२ पर्यंत चालले. मोठी कंपनी एकाच वेळी अनेक लॅकर कापून वेगवेगळ्या कारखान्यांना पाठवी, त्यामुळे मॅट्रिक्सच्या शेवटी ‘१ए’ असले म्हणजे ती प्रत ‘१बी’च्या आधीची, असे ठरत नाही. इथे कामी येते ती छपाईतली चूक : सुरुवातीच्या प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या ‘ऑल ब्लूज’ आणि ‘फ्लॅमेंको स्केचेस’ यांचा क्रम उलटा छापला आहे. आणखी एक विचित्र गोष्ट. २ मार्चच्या बैठकीत मूळ टेपयंत्र किंचित मंद चालले होते, त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना रेकॉर्डवर थोड्या चढ्या सुरात वाजतात. ती चूक १९९२ च्या आवृत्तीत सुधारली गेली. म्हणजे सर्वांत महागडी प्रत हीच सुरात नसलेली.

इंग्लंडमध्ये ईएमआयने स्टँपरचा क्रमांक अक्षरांत लिहिला. ‘ग्रामोफोन लिमिटेड’ या नावातली दहा इंग्रजी अक्षरे घेऊन जी म्हणजे १, आर म्हणजे २, शेवटचे डी म्हणजे ०, असा संकेत होता. कोऱ्या पट्ट्यात मदरचा आकडा एकीकडे आणि ही अक्षरे दुसरीकडे. याच समूहाचा भारतातला कारखाना कोलकात्याजवळ डमडमला होता. तिथे परदेशी मुद्रणांवरून छापलेल्या प्रतींवर ‘मेड इन इंडिया’ असते. मुंबईच्या चोरबाजारात त्या मिळत आल्या आहेत आणि परदेशी संग्राहक त्यांना सहसा दुय्यम मानतात.

इथेच ध्वनिमुद्रित झालेल्या जॅझची गोष्ट निराळी. क्रिकेट स्मिथच्या पथकाने १९३६ मध्ये मुंबईत वाजवलेला, मेना सायलसची रचना असलेला ‘ताजमहाल’ फॉक्सट्रॉट, टेडी वेदरफर्डने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोलकात्यात केलेली मुद्रणे, गोव्याच्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच पुढे सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात गाजलेला चिक चॉकलेट, याच्या तबकड्या : या भारतातच छापल्या आणि विकल्या गेल्या. इथे पहिली छपाई की दुसरी, हा वाद सहसा येत नाही. लेबलवर पथकाच्या प्रमुखाचे नाव असते, बाकीच्या वादकांचे बहुधा नसते. ती नावे लावण्यासाठी संशोधकांना आजही मॅट्रिक्स क्रमांक, हॉटेलांच्या जुन्या जाहिराती आणि वादकांच्या कुटुंबांतल्या आठवणी एकमेकांशी ताडून पाहाव्या लागतात.